यादीत नसलेला जिल्हा

७ मे २०२५ ला केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशावरून देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. 'ऑपरेशन अभ्यास' असं तिचं नाव. महाराष्ट्रातली सोळा ठिकाणं निवडली होती आणि धोक्याच्या क्रमानं त्यांचे तीन गट पाडले होते. पहिल्या गटात मुंबई, उरण आणि तारापूर. दुसऱ्यात ठाणे, पुणे, नाशिक, मनमाड, सिन्नर, थळ-वायशेत, पिंपरी-चिंचवड वगैरे. तिसऱ्यात छत्रपती संभाजीनगर, भुसावळ आणि कोकणातले तीन जिल्हे. बीड कुठंच नव्हतं. जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्रही नव्हतं.

ही यादी बनवणाऱ्यांना दोष देता येत नाही. बीड जिल्ह्यात अणुभट्टी नाही, तेलशुद्धीकरण कारखाना नाही, बंदर नाही. रेल्वेसुद्धा बीड शहरात पोचायला सप्टेंबर २०२५ उजाडला. तारापूरचं अणुवीज केंद्र सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरांपेक्षा लांब. कर्नाटकातलं कैगा त्याहून दूर. अणुदुर्घटना झालीच तर ती समुद्राकाठी होईल आणि बीडला ती टीव्हीवर दिसेल, असाच एकूण समज.

तो समज अर्धाच खरा आहे. आणि उरलेल्या अर्ध्याची गंमत अशी, की अणुसंकटाशी झुंजण्याची सैन्याची जेवढी सामग्री आणि जेवढं शिक्षण महाराष्ट्रात एकवटलं आहे, तेवढं देशात फार थोड्या राज्यांत असेल. त्यातलं बरंचसं बीडच्या पश्चिमेला, एका दिवसात जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर आहे.

आष्टी तालुक्याची शीव ओलांडली की नगर जिल्हा लागतो. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, पण आष्टी-कड्याची माणसं बाजाराला, दवाखान्याला 'नगरला'च जातात. तिथं रणगाडा दलाचं केंद्र आणि शाळा आहे, यांत्रिक पायदळाचं केंद्र आहे आणि संरक्षण संशोधन संस्थेची वाहन प्रयोगशाळा आहे, जिला सगळे 'व्हीआरडीई' म्हणतात. किरणोत्सारानं, रासायनिक वायूनं किंवा जंतूंनी बाधित झालेल्या मुलखात शिरून टेहळणी करणारं लष्करी वाहन या प्रयोगशाळेनं जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेच्या साथीनं विकसित केलं. सांगाडा बीएमपी-२ या पट्ट्यांवर चालणाऱ्या चिलखती गाडीचा. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे फटीतून हवा बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. जवान खाली न उतरता गॅमा किरणांची मात्रा मोजतात, मातीचा नमुना उचलतात आणि बाधित जमिनीच्या कडेनं निशाणं रोवत पुढं सरकतात. २०१० च्या सुमारास ही वाहनं सैन्याकडं गेली.

पुण्यात दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे 'सीएमई'. आण्विक, जैविक आणि रासायनिक बचावाचं शिक्षण सैन्याला देणारी विद्याशाखा तिथली. लोणावळ्याला नौदलाच्या आयएनएस शिवाजीवर २०१८ मध्ये 'अभेद्य' नावाचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. जहाजावर असा हल्ला किंवा अपघात झाला तर काय करायचं, याचा सराव तिथं होतो. तळेगावजवळ सुदुंबरे इथं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, 'एनडीआरएफ'ची, पाचवी बटालियन आहे. किरणोत्साराच्या घटनेसाठी मोजणीची यंत्रं आणि पोशाख बाळगणारी ही माणसं. आणि नागपूरला १९५७ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय होतं, जे आता एनडीआरएफच्या अकादमीत विलीन झालं आहे. देशभरच्या पोलीस आणि अग्निशमन अधिकाऱ्यांनी किरणोत्साराचे पहिले धडे तिथं गिरवले. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुऊर्जा नियामक मंडळ ही तर मुंबईतच.

इतकं सगळं असताना बीडच्या वाट्याला नेमकं काय येतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याआधी सैन्याच्या कामाबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. सैन्य म्हणजे पोशाख घालून किरणोत्सारात शिरणारे वीर, हे चित्र चेर्नोबिलनं रुजवलं. १९८६ मध्ये तिथं फुटलेल्या अणुभट्टीच्या छपरावर पडलेले ग्रॅफाइटचे तुकडे यंत्रमानवांना उचलता येईनात, त्यांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा किरणांनी बंद पडली. मग तीन हजारांहून जास्त सैनिक पाळीपाळीनं फावडी घेऊन छपरावर गेले. एकेकाला दीड-दोन मिनिटं, फार तर थोडी जास्त. तेवढ्यात आयुष्यभराची मात्रा अंगावर. ते धैर्य होतंच, पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून केलेला तो उपायही होता.

पोशाखाचंही तसंच. सैन्याच्या एनबीसी, म्हणजे आण्विक-जैविक-रासायनिक बचावाच्या, पोशाखात कोळशाचा थर असतो. तो वायू शोषतो. पोशाख किरणोत्सारी धूळ कातडीला लागू देत नाही आणि मुखवटा ती फुप्फुसात जाऊ देत नाही. गॅमा किरण मात्र त्यातून आरपार जातात. त्यांच्यापासून वाचायचे उपाय तीनच: कमीत कमी वेळ थांबा, जास्तीत जास्त लांब राहा, मध्ये शिसं, काँक्रीट किंवा माती येऊ द्या. शिवाय बीडचा मे महिना धरा. बेचाळीस अंशांत बंद पोशाखात माणूस फार वेळ काम करू शकत नाही, उष्माघातच आधी गाठतो. म्हणजे एका माणसाच्या कामाला तीन-चार माणसं, पाण्याचा टँकर, सावली आणि डॉक्टर लागणार. सैन्याची खरी ताकद इथं आहे. माणसं, गाड्या, इंधन, बिनतारी संदेश, तंबू, स्वयंपाक आणि हे सगळं रात्रीत उभं करायची सवय.

फुकुशिमात हेच दिसलं. मार्च २०११ मध्ये जपाननं भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टी या तिन्ही संकटांसाठी मिळून एक लाखाच्या आसपास सैनिक उतरवले. १७ तारखेला हेलिकॉप्टरमधून भट्टीवर समुद्राचं पाणी ओतलं गेलं. ते दृश्य जगभर गाजलं, पण त्यातलं फार थोडं पाणी जागेवर पडलं. तीन दिवस आधी, तिसऱ्या भट्टीच्या स्फोटात, अणु-जैविक-रासायनिक तुकडीचेच चार जवान जखमी झाले होते. आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धडा भट्टीपासून काही किलोमीटरांवरच्या फुताबा रुग्णालयात घडला. तिथले अंथरुणाला खिळलेले वृद्ध रुग्ण घाईघाईनं, तासन् तास बसमध्ये बसवून हलवले गेले. चाळीसहून जास्त जण दगावले. किरणांनी नव्हे. औषध, पाणी, ऊब आणि माहितीच्या अभावानं.

तारापूरच्या आराखड्यात या गोष्टींचा विचार कागदावर तरी आहे. केंद्राभोवती साधारण दीड किलोमीटरचा निर्मनुष्य पट्टा, पाच किलोमीटरांपर्यंत वस्तीवाढीला आळा आणि सोळा किलोमीटरांपर्यंत आणीबाणीचं नियोजन. केंद्राच्या कुंपणाबाहेर संकट आलं तर सूत्रं पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडं जातात, लष्करी अधिकाऱ्याकडं नाही. दर दोन वर्षांनी कुंपणाबाहेरची तालीम. घरात थांबा, दारं-खिडक्या लावा, सांगितल्यावरच आयोडीनच्या गोळ्या घ्या. ही गोळी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला साध्या आयोडीननं आधीच भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथं जागा उरत नाही. बाकी कुठल्याही किरणोत्सारी पदार्थावर तिचा काही उपयोग नाही. सैन्य या आराखड्यात आहे, पण नागरी यंत्रणा कमी पडली की बोलवायचं बळ म्हणून. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची रचनाच तशी आहे: जिल्हाधिकारी, मग राज्य, मग केंद्र. २००९ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं आण्विक आणि किरणोत्सारी आणीबाणीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातही अणुऊर्जा विभाग तांत्रिक बाजू सांभाळेल आणि पहिला प्रतिसाद स्थानिक यंत्रणेचा असेल, असंच गृहीत आहे.

'स्थानिक यंत्रणा' म्हणजे बीडमध्ये कोण? ठाण्याचा अंमलदार, १०८ रुग्णवाहिकेचा डॉक्टर, नगरपरिषदेचा अग्निशमन बंब, तलाठी आणि पोलीस पाटील.

बीडला अणुभट्टीचं भय नाही, पण किरणोत्सारी स्रोताचं आहे. हा स्रोत धातूच्या डबीत बसतो आणि ट्रकमधून जातो. कर्करोगावरच्या कोबाल्ट यंत्रात तो असतो. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय ही बीडच्या रुग्णांची नेहमीची ठिकाणं. लासलगावला कांद्यावर विकिरण करणाऱ्या 'कृषक' केंद्रात कोबाल्ट-६० आहे. बॉयलरच्या आणि पाइपलाइनच्या वेल्डिंगची तपासणी इरिडियम-१९२ नं करतात. हे सगळं वैध आहे, नियामक मंडळाच्या परवान्यानं चालतं आणि उपयोगाचं आहे. माणसं बरी होतात, पाइप फुटत नाहीत. धोका असतो तो स्रोत हातातून सुटल्यावर.

१९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र दोघांनी भंगारासाठी नेलं. आतल्या सीझियमची निळसर चमक पाहून लोकांनी ती पूड घरोघरी वाटली, अंगाला लावली. चौघं मेले, अडीचशेच्या आसपास लोक बाधित झाले आणि लाखाहून जास्त जणांना स्टेडियममध्ये रांगा लावून तपासावं लागलं. आपल्याकडं एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत तसंच झालं. दिल्ली विद्यापीठानं वर्षानुवर्षं पडून असलेलं यंत्र लिलावात काढलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, आत कोबाल्ट-६०. एकाचा मृत्यू, बाकीचे कित्येक दिवस रुग्णालयात. त्यातल्या एकानं चकाकता तुकडा पाकिटात ठेवला होता. ही गोष्ट विद्यापीठाच्या हातून, देशाच्या राजधानीत घडली. मे २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानं मुंबईत सात किलो नैसर्गिक युरेनियमसह दोघांना पकडलं, तेव्हाही तपासाचा एक धागा भंगाराच्या धंद्याकडं गेला. नैसर्गिक युरेनियमानं बाँब होत नाही आणि त्याचा किरणोत्सारही सौम्य असतो. पण ते हातोहात फिरत होतं, हे त्यातलं महत्त्वाचं.

नियंत्रणाची बाजू कशी होती, तेही बघा. २०१२ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कारभारावर अहवाल दिला. देशातल्या सत्तावन्न हजारांवर वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ९१ टक्के नोंदणीशिवाय चालत असल्याचं त्यात होतं. एक्स-रे यंत्र वीज गेली की निरुपद्रवी होतं, त्यामुळं ही धोक्याची नोंद नसून बेफिकिरीची आहे. नंतर नोंदणी आणि परवाने ऑनलाइन झाले, परिस्थिती सुधारली. पण दिल्लीतून कायदा जितका कडक दिसतो, तितका तो तालुक्याच्या गावात पोचेपर्यंत राहत नाही, हे बीडमध्ये कुणाला समजावून सांगायला नको.

आता समजा. धुळे-सोलापूर महामार्गावर, बीडच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरांवर मांजरसुंब्याचा घाट आहे. अपघातांसाठी तो बदनाम आहेच. रात्री एक पिकअप तिथं उलटतो. त्यात वेल्डिंग तपासण्याचा 'कॅमेरा' आहे: वीसेक किलोंची जड पेटी, वर पिवळ्यावर काळं तीन पात्यांचं चिन्ह. चालक बेशुद्ध, सोबतचा तंत्रज्ञ अडकलेला. पेटी घरंगळते, कुलूप तुटतं, बोटाएवढी धातूची कांडी गवतात पडते.

पहिली दहा मिनिटं ढाब्यावरच्या माणसांची. ती धावतात, माणसं ओढून काढतात. इथं ती बरोबरच करतात, कारण जीव वाचवणं पहिलं, हा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचाही नियम आहे. जखमीवर किरणोत्सारी धूळ असेल या भीतीनं उपचार थांबवायचे नसतात. बाहेरचे कपडे काढले तरी बहुतेक धूळ निघून जाते. पण त्याच दहा मिनिटांत कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत पेटीजवळ उभा राहतो आणि कुणीतरी ती कांडी उचलतो. १९९९ मध्ये पेरू देशात यानांगोच्या जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरनं अशीच इरिडियमची कांडी खिशात टाकली. त्याचा पाय कापावा लागला.

पुढं ११२ वर फोन. पोलीस गाडी येते. हवालदारानं ते चिन्ह कधी पाहिलं नसेल, तर तो पेटी उचलून ठाण्यात नेईल. मुद्देमाल म्हणून! यात त्याची चूक शून्य. चिन्ह ओळखलं, तर त्याच्या हाताशी मोजणीचं यंत्र नसलं तरी एक आकडा पुरतो: तीस मीटर. उघडा पडलेला स्रोत असेल तर सुरुवातीला तीस मीटरांवर दोरी बांधायची, आग किंवा स्फोट असेल तर तीनशे मीटरांवर. मग निरोप जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात, तिथून मंत्रालयात, तिथून तुर्भ्याला आणि सुदुंबऱ्याला. सुदुंबऱ्याहून निघालेली तुकडी रस्त्यानं यायला पाच-सहा तास. नगरची छावणी जवळ आहे, संभाजीनगरचीही, पण छावणी जवळ म्हणजे योग्य तुकडी जवळ, असं नाही. नगरला वाहन बनलं म्हणून नगरहून वाहन येईल, असंही नाही. प्रयोगशाळा आणि प्रशिक्षण केंद्रं युद्धासाठी माणसं तयार करतात, घाटातल्या पिकअपसाठी नव्हे.

अमेरिकेनं नेमकं हे अंतर भरायला तजवीज केली आहे. तिथल्या नॅशनल गार्डकडं प्रत्येक राज्यात किमान एक, एकूण सत्तावन्न छोट्या तुकड्या आहेत. प्रत्येकीत बावीस पूर्णवेळ माणसं. आगाऊ पथकानं दीड तासात निघायचं, असा नियम. त्यांचं काम गव्हर्नरच्या हाताखाली, स्थानिक अधिकाऱ्याला 'हे काय आहे' एवढं सांगण्याचं. आपल्याकडं एनडीआरएफच्या सोळा बटालियन आहेत, प्रत्येकीत अकराशेंवर माणसं. आकार मोठा, पण पसारा मूठभर जागी. महाराष्ट्रानं राज्य आपत्ती प्रतिसाद दल उभं केलं ते धुळ्याला आणि नागपूरला. मराठवाड्याच्या मधोमध काहीच नाही.

खरं तर मराठवाड्याला लष्कर अनोळखी नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत ते इथं आलं, तेव्हाची आठवण सांगणारी शेवटची पिढी आता संपत आली आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र, गावं गाढ झोपेत. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ढिगारे उपसायला जवान आले, पण सुरुवातीचे तास शेजारच्या गावांच्या टिकाव-फावड्यांचेच होते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात बीड आणि धाराशिवच्या वेढलेल्या गावांतून माणसं काढायला पुन्हा हेलिकॉप्टरं आणि एनडीआरएफच्या बोटी आल्या. त्या दोन्ही वेळी गावाला संकट डोळ्यांनी दिसत होतं. किरणोत्सार दिसत नाही, त्याला वास नाही, चटका लागत नाही. किल्लारीत शेजाऱ्याचं धावून जाणं जीव वाचवणारं होतं. इथं तेच धावणं मोजून-मापून करावं लागतं. लष्कर यायच्या आधी हे कुणीतरी गावाला शिकवलेलं असायला हवं.

हा प्रश्न पुढं वाढणार आहे, कमी होणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीनं रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबरात संसदेनं अणुऊर्जेचं क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं करणारा कायदा मंजूर केला. जुन्या कोळसा केंद्रांच्या जागी छोट्या भट्ट्या उभारता येतील का, याची चर्चा देशात सुरू आहे. परळीचं नाव त्यात आहे असं मी म्हणत नाही. पण कुणी घेतलंच, तर बीडकरांनी फेब्रुवारी २०१३ ची आठवण करून द्यावी. तेव्हा पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. कोळशाचा संच बंद केला की थंड होतो. अणुभट्टी बंद केल्यावरही तिच्यातलं इंधन उष्णता देत राहतं आणि तिला पाणी लागतच राहतं. फुकुशिमा बुडालं ते नेमकं या उष्णतेपायी.

तयारीला लागणारी माणसं मात्र इथंच आहेत. बीडमध्ये पहाटे रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरं दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरती, गृहरक्षक दल, जे मिळेल ते. या जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो ऊसतोड मजूर बायका-पोरांसह, बैलांसह, ट्रॅक्टरनं काही आठवड्यांत शेकडो किलोमीटर हलतात आणि परत येतात. माणसं हलवणं, वाटेत चूल मांडणं, आजारी म्हातारीला सोबत नेणं, हे इथल्या मुकादमांना आणि टोळ्यांना कुठल्याही आपत्ती अधिकाऱ्यापेक्षा चांगलं कळतं. हे कौशल्य त्यांनी हौसेनं कमावलेलं नाही, गरिबीनं शिकवलं आहे. पण जिल्हा आपत्ती आराखड्यात या अनुभवाला जागा हवी, असं मला ठामपणे वाटतं.

बीडला चिलखती वाहन नको, बटालियनही नको. जिल्हाधिकारी कार्यालयानं एवढं केलं तरी पुरे: महामार्गावरच्या प्रत्येक ठाण्यात आणि अग्निशमन केंद्रात एक साधा किरणमापक आणि तो वापरता येणारी दोन माणसं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात बाधित रुग्णासाठी वेगळं दार आणि कपडे काढून अंघोळ घालायची सोय. भंगार बाजारात त्या चिन्हाची मराठी आणि हिंदी भित्तिपत्रकं. सुदुंबऱ्याच्या तुकडीला वर्षातून एकदा मांजरसुंब्यात बोलावून सराव, रात्रीचा. या सगळ्याचा खर्च एखाद्या पुढाऱ्याच्या सत्कार समारंभाहून जास्त होणार नाही.

वाचकांसाठी तूर्त एवढंच. रस्त्यावर, शेतात किंवा भंगारात लहान असूनही कमालीची जड पेटी, पिवळ्यावर काळं तीन पात्यांचं चिन्ह, किंवा कारण नसताना चकाकणारी धातूची कांडी दिसली, तर हात लावू नका, उचलून दाखवू नका. जखमी माणूस असेल तर त्याला आधी बाहेर काढा. मग सगळ्यांनी तीस मीटर मागं व्हा, पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा, ११२ ला फोन करा आणि फोनवर 'किरणोत्सारी' हा शब्द स्पष्ट उच्चारा. पोलिसांनी पेटी गाडीत टाकायला घेतली, तर त्यांनाही थांबवा.